भाऊजींचा खुनी आवाज

आमच्या भाऊजींनी आयुष्यात झुरळसुद्धा मारलेलं नाही. झुरळ दिसलं की ते आधी स्टुलावर चढतात आणि मग ताईला हाक मारतात. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. झुरळांचं खातं लग्नापासून तिच्याकडे आहे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण हल्ली भाऊजींनी दुकानात नुसतं "जरा सरकता का?" म्हटलं तरी पुढची बाई पर्स छातीशी धरून भिंतीला चिकटते.

भाऊजींचा धंदा आवाजाचा. गाण्याबिण्याचा नव्हे, डबिंगचा. परदेशी सिनेमा किंवा मालिका आली की एका बंद खोलीत उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि समोरच्या पडद्यावरच्या माणसाच्या तोंडात आपली भाषा घालायची. ऐकायला झकास वाटतं. पण त्या धंद्यातही पंक्तीला बसणारे वेगळे आणि वाढणारे वेगळे. भाऊजी जन्मभर वाढपी. "माफ करा, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही" म्हणणारा डॉक्टर, "साहेब, फोन" म्हणणारा नोकर, कड्यावरून पडणारा शिपाई, आणि गर्दी. गर्दी म्हणजे चार-पाच जणांनी एका माइकभोवती उभं राहून "अरे काय झालं, अरे काय झालं" असं पुटपुटायचं. पडद्यावर हजार माणसं दिसतात. एकदा ते आजारी घोडा होते. त्या घोड्याची धाप ऐकायला ताईने सगळं माहेर गोळा केलं होतं. "आता येतील हं, आता येतील," ती म्हणत राहिली, नेमकी तेव्हाच आमच्या काकांना शिंक आली, आणि काकांचं नाक पुसून होईपर्यंत घोडा मेलेला होता.

अशा माणसाला मान मिळायची जागा जगात एकच होती, ती म्हणजे टिल्लीची उशी. टिल्ली ही त्यांची नात. वय तीन वर्षं, स्वभाव पोलिस खात्याचा. आई, बाप, आजी आणि मी, सगळ्यांनी तिला झोपवायला गाणी म्हणून पाहिली आहेत. ती डोळे टक्क उघडे ठेवून आमचं गाणं संपायची वाट बघते आणि मग म्हणते, "आता आजोबा." रोज दुपारी जेवण झालं की भाऊजी तिच्या शेजारी बसायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "झोप बाळा. मी आहे ना." आणखी एक-दोनदा म्हटलं की पोर गाढ. बाकी सगळा दिवस भाऊजी कुणाच्या तरी ओठांच्या तालावर बोलणार. हा एवढाच आवाज त्यांचा स्वतःचा, आणि त्याला ही एवढीच श्रोती. मला विचाराल तर ते त्या दुपारसाठीच जगत होते.

मग ती मालिका आली. एकामागून एक माणसं मारत सुटणाऱ्या खुन्यांची. पोलिसांत एक बाई असते, कधी न हसणारी आणि कधी केस न विंचरणारी. माझं पार्लर आहे, त्यामुळे मला खुनाआधी तिचे केस दिसतात. तर ही बाई खुनाची जागा बघते, डोळे मिटते आणि खुनी कसा असेल ते सांगते. वय काय, धंदा काय, आईशी पटत होतं की नाही, चादरीची घडी कशी घालतो. पोलिस बिचारे वह्यांत उतरवून घेतात आणि मग रिकाम्या हाताने दोन-तीन भाग इकडेतिकडे पळतात, कारण खुनी पहिल्याच भागात सापडला तर जाहिराती कुठे दाखवणार?

यातल्या मुख्य खुन्याचा आवाज भाऊजींच्या वाट्याला आला तो ठरलेल्या डबिंगवाल्याचा घसा बसला म्हणून. भाऊजींनी हौसेने खास खलनायकी आवाज लावला, विहिरीतून बादली ओढल्यासारखा. काचेपलीकडून दिग्दर्शकाने थांबवलं. "काका, हा राक्षस नाहीये. हा शेजारी राहतो, कुंड्यांना पाणी घालतो. घरी बोलता ना, तसं बोला." भाऊजी आज्ञाधारक माणूस. घरी बोलतात तसं बोलले.

त्यात आली ती ओळ. खुनी खून करण्याआधी दर वेळी तेच म्हणतो. लिहिणाऱ्याने लिहून दिलं होतं, "आता तुझी सुटका नाही." पडद्यावर मात्र नटाचे ओठ आधी दोनदा पटापट मिटत होते, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. डबिंगवाल्यांचा देव म्हणजे ओठ. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, आणि "आता तुझी सुटका नाही" यात ओठ मिटायला कुठे जागाच नाही. तसंच म्हणून पाहिलं, तर खुनी च्युइंगम चघळतोय असं दिसायला लागलं. लिहिणारा फोन उचलेना. दिग्दर्शक म्हणाला, "काका, सुचवा काहीतरी." भाऊजी ओठांकडे बघत होते. मिटले, मिटले, थांबले, मिटले. आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "झोप बाळा. मी आहे ना."

ओठाला ओठ बसला. काचेपलीकडे टाळ्या पडल्या. भाऊजी खुशीत घरी आले, ताईला करून दाखवलं, ताईनेही कौतुक केलं. आपण काय देऊन आलो हे त्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसरा कुणीही घरातली अशी वस्तू बाहेर ठेवून येणार नाही. पण डबिंगवाल्याला ओठ जुळलेले दिसले की पुढचं काही दिसत नाही.

मालिका शुक्रवारी लागायची आणि शनिवारी सकाळपासून माझ्या पार्लरच्या खुर्चीत तज्ज्ञ बसायला लागायच्या. ज्यांना देवाने नवरा निवडतानासुद्धा माणूस ओळखण्याची बुद्धी दिली नव्हती, त्या आता बुटांच्या नाडीवरून खुनी ओळखायला लागल्या. बँकेतली कॅशियर भुवया करून घेताना म्हणाली, "खुनी फार नीटनेटका असतो, अपमान कधी विसरत नाही आणि जिथे जाईल तिथून आठवण म्हणून काहीतरी वस्तू घेऊन येतो. अगं, या तर आमच्या सासूबाई!" दुसरी म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं सगळं जुळतं. फक्त खुनी हुशार असतो म्हणतात ना, तिथे गाडी अडते." शाळेतल्या बाईंनी तर चित्रात काळा रंग जास्त वापरणाऱ्या मुलांच्या आयांना भेटायला बोलावलं. चौकशीअंती निघालं काय, तर वर्गातल्या डब्यातले बाकीचे खडू संपले होते. तरी बाईंचं मत असं की खडू असते तरी त्या मुलांनी काळाच घेतला असता.

एक गिऱ्हाईक होतं, शांत, कधी कुणाबद्दल वाईट न बोलणारं. पायाला मेण लावून बसली असताना ती मला म्हणाली, "खरं सांगू? मला तो खुनी आवडतो. किती मायेने बोलतो गं. आमच्याकडे 'जेवलीस का' एवढंसुद्धा कुणी या आवाजात विचारत नाही." मी घाईने पट्टी ओढली; ती ओरडली, आणि दोघींची सुटका झाली.

ती ओळ तर वाऱ्यासारखी पसरली. तिच्या फोनच्या घंटा झाल्या, ती कपांवर छापली गेली. कॉलेजातली पोरं परीक्षेला बसलेल्या मित्राला "झोप बाळा" म्हणून डोळे मारायला लागली. भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, ऑफिसात छाती फुगवून सांगायला लागला, "तो खुनी माझे बाबा आहेत." जन्मात ज्याने बापाचा घोडा ऐकला नाही, त्याला आता बापाचा अभिमान वाटायला लागला. नळ दुरुस्त करणारा, जो एरवी बोलावल्यावर पुढच्या ऋतूत उगवतो, त्याला भाऊजींनी फोनवर सांगितलं, "सवडीने या हो, घाई नाही." तो लगेच आला, आणि सोबतीला मेहुण्याला घेऊन आला. इमारतीच्या चेअरमनांनी भाऊजींकडून "कृपया गाडी आखलेल्या जागेतच लावावी" एवढं बोलून घेतलं आणि गेटजवळच्या स्पीकरवर लावलं. तेव्हापासून आमच्याकडे गाड्या शाळेतल्या रांगेसारख्या उभ्या असतात.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला भाऊजींनाही मजा आली. बिचाऱ्याला कधी नव्हे ते कुणी "एकदा म्हणून दाखवा ना" म्हणत होतं.

आता सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, टिल्लीची आई. ती एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात आहे. समोरच्याशी थोडा वेळ बोललं की तो कसा आहे हे आपल्याला कळतं असं तिचं म्हणणं आहे. तिने निवडलेल्यांपैकी किती टिकले हे विचारायचं नाही, ती चिडते. ती मालिका तिच्या जिवाची मैत्रीण झाली. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत कानात इयरफोन घालून फोनवर मागचा भाग बघत होती. त्यात खुनी एका मुलीच्या बिछान्याशी बसतो, केसांवरून हात फिरवतो, म्हणतो, "झोप बाळा. मी आहे ना," आणि दिवा मालवतो. सूनबाईच्या अंगावर काटा आला. तिने घाबरून कानातले इयरफोन ओढून काढले. आतल्या खोलीतून तोच आवाज आला, "झोप बाळा. मी आहे ना."

ती धावत आत गेली आणि अर्धवट झोपलेल्या टिल्लीला तिने उचलून छातीशी धरलं. भाऊजींचा हात टिल्लीच्या पाठीच्या उंचीवर तसाच राहिला.

"बाबा, मला माहीत आहे हो तुम्ही तुम्हीच आहात," ती म्हणाली. रडत होती. "पण ते वाक्य नको. तो आवाजपण नको. प्लीज."

"बरं," भाऊजी म्हणाले.

मला हे कळलं तेव्हा माझा संताप झाला. मी सूनबाईला गाठलं आणि विचारलं, "अगं, त्या मालिकेच्या आधी तोच आवाज होता ना तिच्या उशाशी? तेव्हा किती जणांना पुरलं होतं त्यांनी?" ती खाली बघत म्हणाली, "मावशी, डोक्याला कळतं हो. अंगाला कळत नाही." ते मला पटलं, म्हणून मी आणखी चिडले.

भाऊजी दुसऱ्या दिवसापासून दुसरे आवाज लावायला लागले. अस्वल झाले, खोकणारा म्हातारा झाले, "आपण ज्या क्रमांकाशी संपर्क साधू इच्छिता" म्हणणारी फोनमधली बाई झाले. एक दिवस त्यांनी तो विहिरीतल्या बादलीचा खलनायक काढला, हा हा हा हसले, "तुला खाऊन टाकीन" म्हणाले. सूनबाई दारात उभी राहून कौतुकाने हसत होती. राक्षसाला तिची काहीच हरकत नव्हती. पोरीला खाऊन टाकीन म्हणणारा चालतो, मी आहे ना म्हणणारा चालत नाही. त्या मालिकेने घरोघर पोचवलेली अक्कल ती हीच.

टिल्ली प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवायची. आणि आवाज संपला की म्हणायची, "आता आजोबा."

"मीच आजोबा," भाऊजी अस्वलाच्या आवाजात म्हणायचे.

ती त्यांच्या पाठीमागे वाकून बघायची, तिथे कुणी आहे का.

दुपारची झोप गेली ती गेलीच. पोर संध्याकाळी किरकिर करायची, जेवताना ताटात पेंगायची, रागाने आजोबांना चावायची. भाऊजी दुपारी तिच्या खोलीत जायचेच बंद झाले. हळूहळू ते घरातही बोलेनासे झाले. पाणी हवं असलं की ग्लासाकडे बोट. आवाज जपायला रोज मिठाच्या पाण्याने गुळण्या करणारा माणूस, त्याने गुळण्या सोडल्या. ताई मला म्हणाली, "घरात फुटक्या घंटेसारखे बसून असतात गं." मी भाऊजींना म्हटलं, "त्या मालिकावाल्यांना सांगा ना, ती ओळ बदला म्हणून." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना खून करायला सांगत होते. "कशी बदलणार?" ते म्हणाले. "ओठ जुळलेत."

शेवटचा भाग शुक्रवारी आमच्या गल्लीतली वीज गेल्यामुळे सगळ्यांचा हुकला. रविवारी दुपारी तो पुन्हा दाखवणार होते, तेव्हा ताईकडे सभा भरली. ताई, भाचा, सूनबाई, मी, चेअरमन आणि त्यांच्या सौभाग्यवती. चेअरमन बसल्या बसल्या म्हणाले, "खुनी कोण ते मी पहिल्या भागातच ओळखलं होतं." खुनी कोण ते पहिल्या भागात नावासकट दाखवलं होतं, पण चेअरमनांना कोण सांगणार? भाऊजी स्वयंपाकघरात कप धुवत होते. धुतलेलेच कप पुन्हा धुवत होते हे मला दिसत होतं. टिल्लीला भाच्याने आत नेऊन निजवलं होतं, म्हणजे दार लोटून घेतलं होतं. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

पडद्यावर टेबलाच्या एका बाजूला ती न विंचरलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला हातकड्या घातलेला खुनी. बाईने त्याचं सगळं चरित्र त्याच्या तोंडावर म्हणून दाखवलं. आई अशी, बाप तसा, म्हणून तू असा. चेअरमन प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, जणू त्यांनीच तिला शिकवलं होतं. खुन्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो पुढे वाकला आणि मायेने म्हणाला, "दमलीस ना? झोप बाळा. मी आहे ना."

चेअरमनांच्या सौभाग्यवतींनी उशी पोटाशी घट्ट धरली. आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

टिल्ली बाहेर आली. रडून सुजलेले डोळे, मागे फरपटत येणारं पांघरूण. तिने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. ती सरळ टीव्हीपाशी गेली आणि "आजोबा" म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. हरवलेलं खेळणं पलंगाखाली सापडल्यावर म्हणते तसं म्हणाली. मग ती तिथेच, टीव्हीखाली, फरशीवर आडवी झाली आणि अंगठा तोंडात घातला.

खुनी बोलत राहिला. कुणाला कसं मारलं, कुठे पुरलं, त्याच हळू, त्याच मऊ आवाजात. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमची पोर दुपारची गाढ झोपली.

कुणी हललं नाही. मला तेव्हा त्या मालिकेचा राग आला, सूनबाईचा आला, भाऊजींचा आला, आणि सगळ्यांत जास्त दया आली ती त्या पांघरुणाची, का कोण जाणे. शेवटी सूनबाईचा हात रिमोटकडे गेला. तिने आवाज बंद केला.

टिल्ली दचकून उठून बसली. तिने पडद्याकडे पाहिलं. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. "आजोबा कुठे गेले?" तिने विचारलं आणि असा टाहो फोडला की मला ऐकवेना.

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हात ओले, हातात कप.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "झोपवा ना तिला."

भाऊजींनी कप खाली ठेवला. हात पँटला पुसले. मग ते बोलले, आणि ते टोमणा मारत नव्हते. काचेपलीकडच्या दिग्दर्शकाला विचारावं तसं त्यांनी खरंच विचारलं, "कुठल्या आवाजात?"

सूनबाईचा चेहरा पडला.

"तुमच्या," ती म्हणाली.

भाऊजी गुडघे धरत धरत फरशीवर बसले. टिल्लीला आडवं केलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. "झोप बाळा," ते म्हणाले. "मी आहे ना." माझ्या अंगावर सरसरून काटा आला, बहिणीच्या नवऱ्याला निम्मं आयुष्य ओळखणारी मी, माझ्यासुद्धा. चेअरमनांच्या सौभाग्यवती उठून चेअरमनांच्या मागे जाऊन बसल्या. सूनबाईने डोळे गच्च मिटले होते, पण ती जागची उठली नाही. टिल्लीने हात मागे नेऊन आजोबांचं बोट चाचपडून धरलं आणि हुंदका अर्धाच ठेवून झोपली.

वर पडद्यावर ती न विंचरलेली बाई, आवाज बंद, हातवारे करून सगळ्यांना समजावून सांगत होती की हा माणूस नेमका कसा आहे. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.